किशोरवयीनांना आई-वडिलांचा आधार किती वाटतो, हे मोजायचे कसे?

नमस्कार सर,

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजुतीत काही फरक असेल तर तो आपल्याला लगेच दिसेल. आपण सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवता आणि एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी नववीच्या विद्यार्थ्यांना आई-वडिलांचा आधार किती जाणवतो, याचा अभ्यास करीत आहात. त्यासाठी आपण २० विधानांची पाच बिंदूंची मापनी तयार केली, तीन तुकड्यांकडून भरून घेतली आणि जवळजवळ सगळ्यांची सरासरी ५ पैकी ४ च्या पुढे आली. ज्या मुलांच्या घरची ओढाताण आपल्याला वर्गशिक्षक म्हणून ठाऊक आहे, त्यांनीही ‘पूर्ण सहमत’ याच रकान्यात खुणा केल्या. आपले मार्गदर्शक म्हणतात की अल्फा, म्हणजे विधाने एकमेकांना किती धरून चालतात हे सांगणारा गुणांक, ०.९ च्या वर आहे, तेव्हा मापनी चांगलीच आहे. आपल्याला मात्र ते पटत नाही. मुले खोटे लिहितात का, आई आणि वडील यांच्याविषयी वेगवेगळे विचारायला हवे होते का, आणि भरून घेतलेल्या कागदांचे आता काय करायचे, असे आपले तीन प्रश्न आहेत.

मुले खोटे लिहीत नाहीत. त्यांना जे विचारले गेले त्याचे त्यांनी खरे उत्तर दिले आहे. आपल्याला जे जाणून घ्यायचे होते ते त्या विधानांत विचारलेच गेले नाही. आपण नमुन्यादाखल तीन विधाने दिली आहेत: ‘माझे आई-वडील माझ्यावर प्रेम करतात’, ‘माझे आई-वडील माझ्यासाठी कष्ट करतात’ आणि ‘अडचणीत माझे आई-वडील माझ्या पाठीशी उभे राहतात’. जिची आई द्राक्षाच्या विरळणीला सकाळीच डबा घेऊन बाहेर पडते, ती मुलगी ‘कष्ट करतात’ यापुढे ‘असहमत’ अशी खूण करणार नाही, आणि करूही नये, कारण ती गोष्ट शंभर टक्के खरी आहे. ‘प्रेम करतात’ यापुढे नाही म्हणणे म्हणजे आई-वडिलांची तक्रार लेखी देणे, असे चौदा वर्षांच्या मुलाला वाटते. ही विधाने मुलाच्या अनुभवापेक्षा त्याची कृतज्ञता आणि कर्तव्यबुद्धी मोजतात, आणि ती आपल्याकडच्या मुलांत भरपूर आहे. म्हणून सगळे गुण वरच्या टोकाला जाऊन दाटले. अशा वेळी सुखी घरातले मूल आणि कोंडमारा सोसणारे मूल या दोघांत फरक दाखवण्याची ताकद मापनीत उरत नाही, आणि फरक दाखवणे हेच तर मापनीचे काम असते.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बोलू. आपला हेतू कोणता, यावर बरेच काही ठरते. प्रबंधापुरते दोन गटांची तुलना करायची असेल, तर थोडी ढोबळ मापनीही चालते. शाळेत समुपदेशनाचा उपक्रम सुरू करून तो उपयोगी पडतो का, हे पाहायचे असेल, तर बदल टिपणारी मापनी हवी. आणि ‘कोणत्या मुलाला मदत हवी’ हे शोधायचे असेल, तर माझे स्पष्ट मत आहे की ते काम प्रश्नावलीवर सोपवू नये. गटाचे चित्र काढण्यासाठी जी मापनी पुरेशी असते, तिचा आकडा एकेका मुलावर लावण्याइतका नेमका क्वचितच असतो. आपण प्रबंधासाठी आणि शाळेसाठी असे दोन्ही हेतू लिहिले आहेत. माझा आग्रह आहे की यातला एकच निवडावा आणि दुसऱ्यासाठी वेगळी वाट काढावी.

दुसरी गोष्ट संकल्पनेची आहे. मॅन्युएल बरेरा यांनी १९८६ साली सामाजिक आधाराचे तीन अर्थ वेगळे करून दाखवले होते: माणसाभोवती नात्यांचे जाळे असणे, प्रत्यक्ष मदत मिळणे आणि मदत आहे असे वाटणे. हे तिन्ही एकमेकांशी जोडलेले असले तरी एकच नाहीत. आपल्या प्रबंधाच्या शीर्षकात ‘जाणवणारा आधार’ असे आहे, म्हणजे आपल्याला तिसरा अर्थ हवा आहे. तो मुलाच्या मनातला असल्यामुळे त्याबाबत मुलाचा शब्द अंतिम. वडील खरोखर किती वेळ देतात, याची शहानिशा तिथे गैरलागू ठरते. अडचण अशी की ‘वाटते का’ असे थेट विचारले की उत्तरावर कर्तव्याची छाया पडते, आणि फक्त घडलेल्या प्रसंगांविषयी विचारले तर आपण नकळत दुसऱ्या अर्थाकडे, म्हणजे मिळालेल्या मदतीकडे सरकतो. माझ्या कामात मी दोन्ही प्रकारची विधाने मिसळते. काही विधाने गेल्या चार आठवड्यांतल्या घडामोडींविषयी असतात; काही पुढच्या अपेक्षेविषयी, उदाहरणार्थ ‘उद्या वर्गात माझा अपमान झाला तर मी घरी वडिलांना सांगेन’. दुसऱ्या प्रकारच्या विधानात आई-वडिलांचे गुणगान करायला जागाच नसते. मूल स्वतःच्या वागण्याचा अंदाज सांगते, आणि त्यातून त्याला आधार वाटतो की नाही हे अधिक खरेपणाने दिसते.

आधाराचे प्रकार हा भाग आपल्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा थांबते. जेम्स हाउस यांनी १९८१ साली आधाराचे चार प्रकार मांडले: भावनिक, साधनांचा, माहितीचा आणि मूल्यमापनाचा, म्हणजे ‘तू कुठे कमी पडलास आणि कुठे चांगले केलेस’ हे आपुलकीने सांगण्याचा. पुढे शाळकरी मुलांसाठी मॅलेकी आणि डेमरे यांनी जी आधारमापनी केली, तिच्यातही हीच विभागणी आहे. आपल्याकडच्या घरांत साधनांचा आधार सहसा भरभरून असतो. फी भरली जाते, क्लास लावला जातो, सायकल येते, डबा चुकत नाही. भावनिक आणि मूल्यमापनाचा आधार मात्र घरोघरी फार वेगळा असतो, आणि मुलांच्या मनःस्थितीतला जो फरक आपल्याला वर्गात दिसतो तो बहुधा याच दोन प्रकारांत असतो. वीस विधानांपैकी पंधरा जर फी, वह्या, क्लास आणि कष्ट यांच्याभोवती असतील, तर एकूण बेरीज चांगलीच येणार. तासगावकडचे बागायतदार द्राक्षाची गोडी तपासताना घडाच्या फक्त वरच्या मण्यांवर भरवसा ठेवत नाहीत, खालचे आणि सावलीतले मणीही घेतात. विधाने निवडतानाही तेच धोरण हवे. चारही प्रकारांची विधाने सारख्या संख्येने घ्यावीत आणि गुणही प्रकारवार वेगळे मांडावेत. एकच एकत्रित बेरीज दिली तर आपला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष तिच्या पोटात लपून जाईल.

आता आई आणि वडील. होय, वेगवेगळेच विचारायला हवे. ‘आई-वडील’ असे एकत्र विचारले की मूल दोघांपैकी कोणाला डोळ्यांसमोर आणून उत्तर देते, हे आपल्याला कधीच कळत नाही. बहुधा ते दोघांतल्या जवळच्या व्यक्तीचा विचार करते, आणि गुण पुन्हा वर जातात. आर्मस्डेन आणि ग्रीनबर्ग यांच्या १९८७ च्या आसक्तीविषयक, म्हणजे जवळच्या माणसांशी असलेल्या भावबंधाविषयीच्या, प्रश्नावलीच्या सुधारित आवृत्तीत आई, वडील आणि मित्र यांच्यासाठी प्रत्येकी २५ विधानांचे स्वतंत्र संच आहेत, ते याच कारणासाठी.

खानापूर-आटपाडी भागात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. सोने-चांदी गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त इथल्या असंख्य घरांतले वडील देशाच्या दुसऱ्या टोकाला असतात, आणि मुले आजी-आजोबांकडे किंवा आईसोबत गावी राहून शिकतात. साताऱ्याकडे गेलात तर अपशिंगेसारख्या सैनिकी परंपरेच्या गावांत आणि मुंबईत माथाडी कामासाठी माणसे गेलेल्या जावळी-पाटणच्या खोऱ्यांत असेच चित्र दिसते. अशाच एका गलाईवाल्याच्या मुलाने ‘वडील माझी अडचण ऐकून घेतात’ हे विधान वाचून मला विचारले होते, “फोनवर ऐकलेलं धरायचं का?” हा प्रश्न त्याने मोठ्याने विचारला म्हणून आम्हाला कळला, न विचारता खूण करणाऱ्या बाकीच्या मुलांनी काय धरले असेल, ते कागद पाहून कधीच समजले नसते. तेव्हापासून मी वडिलांच्या संचाआधी दोन साधे प्रश्न ठेवते: वडील सध्या कुठे राहतात आणि त्यांच्याशी बोलणे साधारण किती वेळा होते. सूचनेतही ‘फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर झालेले बोलणेही धरावे’ असे स्पष्ट लिहिते. वडील हयात नसतील किंवा संपर्कातच नसतील, तर तो संच सोडून पुढे जाण्याची सोय असली पाहिजे. ती नसेल तर ते मूल एकतर सगळीकडे एकची खूण करते, नाहीतर वडिलांच्या आठवणीपोटी सगळीकडे पाच, आणि दोन्ही आकडे आपली सरासरी बिघडवतात. शिवाय अशा मुलाला वडिलांविषयीची दहा विधाने एकामागून एक वाचायला लावणे हे माणुसकीला धरून नाही. ‘घरात तुझी सर्वांत जास्त काळजी घेणारी दुसरी व्यक्ती’ असा तिसरा, ऐच्छिक संच ठेवला तर आजी, काका, थोरली बहीण यांना जागा मिळते. आपल्या एकत्र कुटुंबांत ती जागा मोठी असते.

आधार आणि नियंत्रण यांची सरमिसळ हा आणखी एक सापळा आहे. पार्कर, टपलिंग आणि ब्राउन यांनी १९७९ साली केलेल्या पालकबंधाच्या मापनीत २५ विधाने आहेत. त्यांपैकी १२ मायेविषयी आणि १३ अतिसंरक्षणाविषयी. या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या अक्षांवर ठेवल्या, कारण माया भरपूर आणि मोकळीक शून्य असेही घर असू शकते. नववीतल्या मुलींच्या बाबतीत हे मला सतत दिसते. क्लासला सोडायला आणि आणायला वडील येतात, ही एका मुलीला काळजी वाटते आणि दुसरीला पाळत. ‘आई-वडील माझ्यावर लक्ष ठेवतात’ असे विधान आधाराच्या मापनीत ठेवले, तर दोघी ‘नेहमी’ असेच लिहितील आणि दोघींचे अर्थ परस्परविरुद्ध असतील. म्हणून अशी विधाने आधाराच्या संचातून काढून स्वतंत्र छोट्या संचात टाकावीत, किंवा प्रबंधाचा आवाका लहान असेल तर सरळ वगळावीत.

विधाने लिहिण्याविषयी माझा अनुभव असा आहे की ती टेबलावर बसून कधीच नीट होत नाहीत. मुलांसोबत बसावे लागते. दुसऱ्या शाळेतली, त्याच वयाची सहा-आठ मुले घ्यावीत, एकेकाला शांत जागी बसवावे, एक विधान वाचायला द्यावे, खूण करू द्यावी आणि मग विचारावे: ही खूण करताना तुझ्या मनात काय आले, असे शेवटचे कधी झाले होते? एका मुलीने ‘आई माझे म्हणणे ऐकून घेते’ यापुढे ‘बऱ्याचदा’ अशी खूण केली होती. शेवटचे कधी, असे विचारल्यावर ती म्हणाली, “कालच की. भाकरी करता करता ऐकते. मान वर करत नाही.” मग ते ऐकणे कशावरून, असे विचारले, तर तिचे उत्तर होते, “दोन दिवसांनी आपणहून विचारते, त्या पोरीचं काय झालं म्हणून. म्हणजे ऐकलंच असणार.” त्या मुलीसाठी ऐकण्याची खूण नजरेला नजर देणे ही नव्हती; आठवण ठेवणे ही होती. बाहेरच्या मापन्यांत ‘माझ्याशी बोलताना पूर्ण लक्ष देतात’ अशा धाटणीची विधाने असतात. आमच्या भागातल्या कामाच्या रगाड्यात अडकलेल्या आईला अशा विधानावर कमी गुण मिळतील आणि तो तिच्यावर अन्याय होईल. आम्ही ते विधान बदलून ‘मी सांगितलेली गोष्ट आई नंतर आठवणीने विचारते’ असे केले, आणि त्यावर उत्तरे छान विखुरली. कुठे ‘नेहमी’, कुठे ‘क्वचित’, काही ठिकाणी ‘कधीच नाही’ सुद्धा. आपल्याला हवा तो फरक असा सापडतो.

याच धर्तीवर आणखी काही विधाने सुचवते, आपण ती आपल्या मुलांसमोर तपासून पाहा: ‘गुणांव्यतिरिक्त शाळेतल्या दुसऱ्या गोष्टीही वडील विचारतात’, ‘माझ्याकडून चूक झाली तर आई आधी काय झाले ते विचारते’, ‘पाहुण्यांसमोर वडील माझी दुसऱ्या मुलांशी तुलना करतात’, ‘माझ्याविषयी निर्णय घेताना मला काय वाटते ते घरात विचारतात’. तिसरे विधान उलट्या दिशेचे आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. उलटी विधाने असावीत, पण ती नकारार्थी वाक्यरचनेने करू नयेत. ‘आई मला कधीच समजून घेत नाही’ असे विधान आणि त्यापुढे ‘कधीच नाही’ असा पर्याय आला की चांगली वाचणारी मुलेही गोंधळतात. नको असलेले वागणे सरळ वाक्यात लिहावे. सहमत-असहमत या पर्यायांऐवजी ‘कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी’ असे वारंवारितेचे पर्याय घ्यावेत. सहमत होणे ही मोठ्यांना मान देण्याची सवय असते, ‘किती वेळा’ या प्रश्नाला मात्र थोडे आठवावे लागते.

विधाने कितीही चांगली झाली तरी ती कोणासमोर भरली गेली, यावर निम्मा निकाल ठरतो. आपण स्वतः त्या तुकड्यांपैकी एकीचे वर्गशिक्षक आहात, प्रश्नावली आपण वाटली, आपण गोळा केली आणि वर नाव व हजेरी क्रमांक होता, असे आपण लिहिले आहे. पालकसभेत त्याच आई-वडिलांशी आपण बोलता, हे मुलांना पक्के ठाऊक असते. या परिस्थितीत मी नववीत असते तरी ‘पूर्ण सहमत’ असेच लिहिले असते. पुढच्या वेळी त्या शाळेशी संबंध नसलेल्या व्यक्तीने प्रश्नावली द्यावी, शिक्षक वर्गाबाहेर असावेत, एका बाकावर एकच मूल असावे, आणि भरलेला कागद मुलानेच पाकिटात घालून पेटीत टाकावा. पुन्हा त्याच मुलांचे उत्तर घ्यायचे असेल तर पहिला आणि दुसरा कागद जोडण्यासाठी काहीतरी खूण लागते. अनेकजण आईच्या नावाचे पहिले अक्षर आणि जन्मतारीख अशी खूण सुचवतात. शाळेत ती वापरू नका, कारण दोन्ही गोष्टी जनरल रजिस्टरमध्ये असतात आणि मुले ते जाणून असतात. त्यापेक्षा क्रमांकाच्या चिठ्ठ्या एका डब्यातून मुलांनाच उचलू द्याव्यात आणि आपापली चिठ्ठी कंपासपेटीत जपून ठेवायला सांगावी. काही चिठ्ठ्या हरवतील. तेवढे नुकसान सोसावे.

वेळही पाहावी. चाचणीचा निकाल घरी गेल्यानंतरच्या आठवड्यात घेतलेली उत्तरे आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच घेतलेली उत्तरे यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. गलाईवाले वडील यात्रेला किंवा सणाला गावी आलेले असतात तेव्हाची उत्तरे वर्षभराचे चित्र देत नाहीत. साधा, विशेष काही नसलेला आठवडा निवडावा आणि तो कोणता होता हे प्रबंधात नोंदवावे.

आपल्या मार्गदर्शकांच्या अल्फाविषयी. त्यांचा आकडा खरा आहे. त्याचा अर्थ मात्र मर्यादित आहे. क्रोनबाक यांनी १९५१ साली मांडलेला हा गुणांक एवढेच सांगतो की विधाने एकमेकांना धरून चालतात. विधानांची संख्या वाढवली की तो वाढतो, आणि एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारली तरीही वाढतो. न वाचता उजवा रकाना सरसकट भरणाऱ्या मुलांमुळेसुद्धा तो फुगतो. ही विश्वसनीयतेची एक बाजू झाली; सप्रमाणतेविषयी, म्हणजे आपण आधारच मोजतो आहोत की आज्ञाधारकपणा, याविषयी तो काहीच बोलत नाही. त्यांना हे नम्रपणे सांगताना प्रत्येक विधानाची सरासरी आणि प्रमाण विचलन, म्हणजे उत्तरे सरासरीभोवती किती विखुरली आहेत, यांचा तक्ता पुढे ठेवा. ज्या विधानाला दहापैकी नऊ मुलांनी एकच उत्तर दिले, ते विधान काही सांगत नाही, हे तक्ता पाहिल्यावर वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

सप्रमाणता तपासण्यासाठी माझा एक आवडता प्रश्न आहे, आणि तो मी प्रत्येक प्रश्नावलीच्या शेवटी ठेवते: ‘गेल्या वेळी तुला फार वाईट वाटले, तेव्हा तू सर्वांत आधी कोणाला सांगितलेस?’ पर्याय असतात आई, वडील, भावंड, आजी-आजोबा, मित्र-मैत्रीण, शिक्षक, इतर आणि कोणालाच नाही. आईचे नाव लिहिणाऱ्या मुलांचे आईच्या संचावरचे गुण ‘कोणालाच नाही’ लिहिणाऱ्या मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त येत असतील, तर मापनी योग्य दिशेने आहे असा भरवसा वाढतो. दोन्ही गटांचे गुण सारखेच आले, तर पुन्हा विधानांकडे वळावे.

तयार मापनी का वापरू नये, असा प्रश्न आपल्या मनात येईल. अवश्य वापरावी, जर ती आपल्या हेतूला पुरत असेल. झिमेट आणि सहकाऱ्यांची १९८८ ची बहुआयामी मापनी अवघी १२ विधानांची आहे. त्यांपैकी ४ कुटुंबाविषयी, ४ मित्रांविषयी आणि ४ एखाद्या खास व्यक्तीविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने अनेक देशांत होणाऱ्या शालेय मुलांच्या आरोग्यविषयक सर्वेक्षणात तिच्यातली कुटुंबाची चार विधाने वापरली जातात. ती आटोपशीर आहे आणि बाहेरच्या अभ्यासांशी तुलना करता येते, हे तिचे मोठे बळ. पण ती ‘कुटुंब’ असे एकत्र विचारते, त्यामुळे आई आणि वडील यांतला फरक तिच्यातून मिळणार नाही. प्रोसिडानो आणि हेलर यांची १९८३ ची कुटुंबासाठीची २० विधानांची मापनी ‘होय, नाही, माहीत नाही’ अशा उत्तरांची असल्याने लहान मुलांना सोपी जाते. कोणतीही घेतली तरी मूळ कर्त्यांची परवानगी, दोन स्वतंत्र भाषांतरे, तिसऱ्या व्यक्तीकडून मूळ भाषेत उलट भाषांतर आणि वर सांगितलेली मुलांसोबतची बैठक, या पायऱ्या टाळू नयेत. जत तालुक्याच्या सीमेवरच्या शाळांपर्यंत अभ्यास नेणार असाल, तर तिथे घरी कन्नड बोलणारी मुले असतात, हेही ध्यानात ठेवा.

आई-वडिलांकडूनही भरून घ्यावे का, असे आपण ओझरते विचारले आहे. घेतले तर उत्तम, पण दोन्ही उत्तरे जुळतील अशी अपेक्षा ठेवू नका, आणि जुळली नाहीत म्हणून मुलाला खोटे ठरवू नका. मुलांच्या भावनिक व वर्तनविषयक अडचणींवरच्या ११९ अभ्यासांचा अकेनबाक आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली एकत्रित आढावा घेतला, तेव्हा मुलांचे स्वतःविषयीचे सांगणे आणि इतरांचे त्यांच्याविषयीचे सांगणे यांतला सरासरी सहसंबंध ०.२२ एवढाच निघाला (पूर्ण जुळणी असती तर तो १ आला असता). विषय वेगळा असला तरी धडा लागू पडतो. पालक आपण किती दिले ते सांगतात, मूल आपल्यापर्यंत किती पोहोचले ते सांगते. दोन्हींची सरासरी काढणे म्हणजे दोन्ही माहिती वाया घालवणे होय. त्यांतले अंतर हेच स्वतंत्रपणे मांडावे.

एक गोष्ट आकडेवारीइतकीच गंभीरपणे घ्यावी लागते. अठरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. ‘भरायचे नसेल तर कोरा कागद पाकिटात घालून दिलास तरी चालेल’ हे वाक्य मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे. त्याचबरोबर ‘तुझे उत्तर कोणालाही कळणार नाही’ असे सरसकट वचन देऊ नये. एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी काही लिहिले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणे बंधनकारक आहे, आणि ही मर्यादा आधीच सांगणे हाच प्रामाणिकपणा. कागद निनावी असल्यामुळे अडचणीतले मूल आपल्याला सापडणार नाही, ही खंत मला दर वेळी वाटते. त्यावर मी असा उपाय करते की पाकिटात एक वेगळी छोटी चिठ्ठी ठेवायची, ‘मला कोणाशी तरी बोलायचे आहे’ एवढेच लिहिलेली. ज्याला हवे त्याने तीवर नाव घालून दुसऱ्या पेटीत टाकावी, आणि ज्याला नको त्याने कोरीच टाकावी, म्हणजे कोणी टाकली हे इतरांना कळत नाही. चिठ्ठी आलेल्या मुलाशी दोन दिवसांच्या आत कोण बोलणार, हे प्रश्नावली वाटण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे. बालकांसाठीचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक प्रत्येक मुलाला घरी नेता येईल अशा कागदावर द्यावेत.

निष्कर्ष लिहितानाही जपावे. आधार कमी वाटतो म्हणून मूल उदास आहे, की उदास असल्यामुळे त्याला आधार कमी वाटतो, हे एकाच वेळी घेतलेल्या प्रश्नावलीतून ठरत नाही. ‘संबंध आढळला’ इथपर्यंतच थांबावे. तुकडीनिहाय किंवा गावनिहाय तक्ते देताना दहापेक्षा कमी मुलांचा गट स्वतंत्र दाखवू नये. आपल्या गावांत ‘वडील परगावी असलेल्या चार मुली’ एवढ्या वर्णनावरून नावे ओळखली जातात.

राहिला प्रश्न आधी भरून घेतलेल्या कागदांचा. ते टाकून देऊ नका, पण त्यांवरून गृहीतकांची चाचणीही करू नका. त्यांना पथदर्शी टप्पा, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीची चाचपणी, माना आणि प्रबंधात तसेच लिहा. प्रत्येक विधानाचे प्रमाण विचलन काढून ज्या चार-पाच विधानांवर उत्तरे विखुरली आहेत ती बाजूला काढा. माझा अंदाज आहे की ती एखाद्या ठोस प्रसंगाविषयीची असतील. त्यांवरून नवा मसुदा बांधा, शेजारच्या शाळेतल्या मुलांसोबत बसून तो तपासा आणि मुख्य संकलन दुसऱ्या सत्रात करा. आताच्या कागदांवरची नावे व हजेरी क्रमांक असलेली वरची पट्टी कापून मुख्याध्यापकांच्या साक्षीने नष्ट करा, आणि ते झाल्याचे त्या तिन्ही तुकड्यांना सांगा. पुढच्या वेळी तीच मुले आपल्यापुढे बसणार असतील, तर त्यांचा विश्वास याच कामापासून मिळवायला सुरुवात करावी लागेल.